अंगणवाडीत एक तास बसून पाहा

श्रोतेहो, नमस्कार. जून जवळ आला की कागल, मुरगूड, गडहिंग्लज अशा आपल्या जिल्ह्यातल्या छोट्या शहरांत तीन वर्षांच्या मुलांचे आईबाप एकाच विचारात पडतात. फी भरून नर्सरीत घालायचे, की गल्लीतल्या अंगणवाडीत पाठवायचे? अंगणवाडी म्हणजे खिचडी मिळण्याची जागा, ही समजूत इतकी पक्की आहे की, २ ऑक्टोबर १९७५ रोजी सुरू झालेल्या एकात्मिक बाल विकास सेवा योजनेत पूरक आहार आणि लसीकरणाबरोबरच पूर्वशालेय शिक्षण ही एक सेवा पहिल्यापासून आहे, हे अनेकांच्या गावीही नसते.

मध्यंतरी कागल तालुक्यातल्या एका अंगणवाडीत मी तासभर बसले होते. सेविकाताईंनी फरशीवर खडूने गोल काढले आणि प्रत्येक गोलात पाच-पाच चिंचोके ठेवायला सांगितले. चार वर्षांची एक मुलगी बराच वेळ बोटाने चिंचोके सरकवत राहिली आणि मग म्हणाली, "ताई, हितं एक कमी हाय." तिला पाचाचा आकडा काढता येत नव्हता, पण पाच म्हणजे किती हे तिला नेमके कळले होते. आमच्या शेजारचा तेवढाच मुलगा पेन्सिल मुठीत धरून पन्नासपर्यंत आकडे लिहितो; त्याला पाच चमचे आण म्हटले, तर तो हाताला येतील तेवढे घेऊन आला. वही भरली म्हणजे शिक्षण झाले, असे मानून आपण शाळा निवडतो, याचे मला मनापासून वाईट वाटते.

अर्थात सगळ्याच अंगणवाड्या अशा नाहीत. शहरी भागात कित्येक अंगणवाड्या भाड्याच्या एका खोलीत भरतात, आणि वजने, रजिस्टरे, आहारवाटप, मोबाईलवरच्या नोंदी या सगळ्यांत सेविकेचा शिकवण्याचा वेळ खर्ची पडतो. ज्या कोल्हापूर संस्थानात शाहू महाराजांनी १९१७ मध्ये प्राथमिक शिक्षण सक्तीचे आणि मोफत केले, तिथेही आज मोफत शिक्षणाचा कायदेशीर हक्क सहाव्या वर्षापासूनच सुरू होतो. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने तीन ते आठ वर्षे हा एकच पायाभूत टप्पा मानला आहे. त्यातली पहिली तीन वर्षे मात्र अजून आईबापांच्या ऐपतीवरच सोडलेली आहेत.

म्हणून प्रवेश घेण्यापूर्वी, अंगणवाडी असो वा नर्सरी, कोपऱ्यात तासभर बसा. मुले किती बोलतात, हाताने काय करतात, आणि चुकलेल्या मुलाशी ताई कशा बोलतात, ते पाहा. खोली अपुरी वाटली, तर पुढच्या वेळी आपल्या नगरसेवकालाही सोबत न्या.