अविश्वासाला माफी आहे का?

जय ख्रिस्त मंडळी. मागच्या रविवारी उपासना सुटल्यावर एका मावशींनी मला दारातच गाठलं, म्हणाल्या, येशूनं वधस्तंभावर सगळ्या पापांची किंमत भरली ना, मग अविश्वास पण पापच आहे की, त्याची नाही का भरली? त्यांचा मुलगा चर्चला यायचा बंद झालाय, त्यामुळे हा प्रश्न काही बायबल क्विझमधला नव्हता, बोलताना त्यांचा आवाज कापत होता.

प्रश्न जुना आहे. 17व्या शतकात इंग्लंडमधल्या जॉन ओवेन नावाच्या प्युरिटन (कडक शिस्तीच्या प्रोटेस्टंट पंथातल्या) पाळकानं हाच पेच मांडला आणि उत्तर दिलं की ख्रिस्त देवानं तारणासाठी निवडलेल्यांसाठीच मेला, त्यांचा अविश्वासही त्या किमतीत आला. मला हे पटत नाही, कारण बायबलमध्ये योहान आपल्या पहिल्या पत्रात सरळ सगळ्या जगाच्या पापांबद्दल बोलतो. अविश्वासाला माफी आहे. पौलाकडेच बघा ना, येशूवरच्या विश्वासापायी स्तेफनाला दगडमार झाली तेव्हा मारणाऱ्यांनी कपडे याच्याच पायाशी ठेवलेले, आणि हाच माणूस पुढे ख्रिस्ताचा प्रेषित होऊन आपल्या तरुण सहकाऱ्याला, तीमथ्याला लिहितो की मी ते न समजून, अविश्वासात केलं म्हणून माझ्यावर दया झाली. मग अडतं कुठे? तर क्षमा हातात घ्यावी लागते आणि अविश्वास म्हणजे मिटलेली मूठ. उघडली की ती मिटलेली होती तेवढे दिवससुद्धा माफ!

आपल्या पंडिता रमाबाईंचा बाप्तिस्मा इंग्लंडमध्ये वाँटेजला 1883 साली झाला, पण आपल्याला धर्म मिळाला होता, ख्रिस्त नाही, हे त्यांना उमगायला पुढे आठेक वर्षं गेली, आणि तेवढा काळ देव थांबला की नाही?

आता मार्कच्या शुभवर्तमानातल्या 9व्या अध्यायातला तो बाप. पोरगा लहानपणापासून आजारी, तोंडाला फेस येतो, दात खातो, कधी विस्तवात पडतो कधी पाण्यात, शिष्यांनी हात टेकलेत. बाप येशूला म्हणतो, तुम्हाला काही करता येत असेल तर मदत करा. 'असेल तर'! आणि मग ओरडतो, माझा विश्वास आहे, माझ्या अविश्वासाला मदत करा. मूळ ग्रीकमध्ये 'मदत करा' साठी जो शब्द आहे त्याच्या मुळाशी हाक ऐकून धावत येणं आहे, आपण हाकेला धावणं म्हणतो ना अगदी तेच, आणि पोरासाठी त्यानं दोनच वचनं आधी हाच शब्द वापरलाय. म्हणजे पोराचा आजार आणि स्वतःचा अविश्वास, दोन्ही त्यानं एकाच हाकेत येशूपुढे आणून ठेवले. येशूनं त्याला 'जा, आधी विश्वास पक्का करून ये' असं म्हटलं नाही, पोराला उठवून उभं केलं.

मी मावशींना तिथेच हे पान काढून दिलं. त्यांनी पदरानं चष्मा पुसला, 24वं वचन दोनदा वाचलं आणि हळूच म्हणाल्या, "अहो पास्टर, पण यात अविश्वास तर बापाचा आहे, पोराचा नाही."