चौकोनी कंसातली यादी

स्क्रीनवर आहे ती डेबियन या फुकट मिळणाऱ्या ऑपरेटिंग सिस्टीमच्या एका पॅकेजची, म्हणजे इन्स्टॉल करायच्या प्रोग्रामच्या गठ्ठ्याची, कंट्रोल फाइल. पॅकेज बिल्ड व्हायला, म्हणजे सोर्स कोडपासून तयार व्हायला, काय काय लागतं ते सगळं हिच्यात लिहिलेलं असतं, आणि एका नावापुढे चौकोनी कंस दिसतोय ना, आत एएमडी६४, एआरएम६४, एस३९०एक्स वगैरे, ती आर्किटेक्चरची, म्हणजे प्रोसेसरच्या प्रकारांची नावं, तर ही डिपेंडन्सी, म्हणजे लागणारी गोष्ट, फक्त त्याच आर्किटेक्चरवर धरायची, बाकीच्यांनी ती ओळ सोडून द्यायची.

ऑगस्ट २०२५ मध्ये आलेलं डेबियन १३ अशा ७ आर्किटेक्चरवर ऑफिशियली चालतं. आपले रोजचे लॅपटॉप आले, एआरएमचे बोर्ड आले, आयबीएमचे मेनफ्रेम आले आणि यावेळी पहिल्यांदाच रिस्क-व्ही हा प्रोसेसरचा प्रकार आला. सोर्स सगळ्यांना एकच, पण सोबतची टूल्स सगळीकडे मिळतीलच असं नाही.

व्हालग्रिंडच घ्या. मेमरीच्या चुका शोधणारं हे टूल, प्रोसेसरच्या इन्स्ट्रक्शन स्वतः वाचून काम करतं म्हणून प्रत्येक प्रोसेसरसाठी त्यात वेगळा कोड लिहावा लागतो. ढीगभर पॅकेजेस त्याला फक्त टेस्टपुरतं वापरतात. आता कुणी कंस न टाकता सरळ व्हालग्रिंड लिहून मोकळं झालं की जिथे ते नाही तिथे बिल्ड सुरूच होत नाही, बिल्ड सर्व्हरवर स्टेटस येतं बीडी-अनइन्स्टॉलेबल, म्हणजे बिल्डला लागणारं काहीतरी इन्स्टॉलच होत नाही, आणि पॅकेज तसंच पडून राहतं. म्हणजे ज्या प्रोग्रामला चालायला व्हालग्रिंड लागतही नाही तो प्रोग्रामच त्या मशीनवाल्यांना मिळत नाही, आणि हे मला खरंच फार वाईट वाटतं.

म्हणून मग लोक कंसात यादी टाकतात. आज बरोबर असते ती. पण रिस्क-व्हीचा सपोर्ट व्हालग्रिंडमध्ये २०२५ ला आला, आता ज्या ज्या पॅकेजात यादी हाताने लिहिलीय तिथे तिथे जाऊन एक नाव वाढवायचं, प्रत्येकाचा मेंटेनर, म्हणजे पॅकेज सांभाळणारा, वेगळा, बहुतेक फावल्या वेळात काम करणारे, कोण कधी बघणार?

डेबियनमध्ये यावर जे उत्तर निघालं ते मला मनापासून आवडतं. व्हालग्रिंड-इफ-अव्हेलेबल नावाचं एक रिकामं पॅकेज. जिथे व्हालग्रिंड आहे तिथे ते त्याला ओढून आणतं, नसेल तिथे गप्प बसतं. यादी राहते एकाच ठिकाणी. तसंच आर्किटेक्चर-इज-६४-बिट हे पॅकेज, फक्त ६४-बिट आर्किटेक्चरवरच मिळणारं, म्हणजे नावं मोजत बसू नका, तुम्हाला नेमकं काय हवंय ते सांगा.

एक गोष्ट मात्र नीट लक्षात ठेवा. ज्या पॅकेजचं आर्किटेक्चर ऑल आहे, म्हणजे नुसत्या स्क्रिप्ट, डॉक्युमेंटेशन, फॉन्ट वगैरे, त्याच्या डिपेंड्समध्ये, म्हणजे इन्स्टॉल झाल्यावर चालायला काय लागतं त्या यादीत, हे कंस चालत नाहीत. कंस सोडवले जातात बिल्डच्या वेळी, आणि ही पॅकेजेस एकाच मशीनवर एकदाच बिल्ड होऊन तीच फाइल सगळीकडे जाते, त्यामुळे कुणाच्या मशीनवर काय आहे हे ठरवायची संधीच उरत नाही.

आणि यादी दरवेळी चूकच असते असंही नाही हं. इंटेलचं मायक्रोकोड, म्हणजे प्रोसेसरच्या आतलं सॉफ्टवेअर, इंटेलच्याच प्रोसेसरमध्ये भरायचं असतं, तिथे आर्किटेक्चरचं नाव सरळ लिहायचं, उद्या कितीही नवीन आर्किटेक्चर आली तरी ती ओळ बदलावी लागणार नाही.