माकुलीच्या पाठीतलं हाड

(दृश्य : हर्णै बंदर, संध्याकाळचा लिलाव, मागे सुवर्णदुर्ग)

सुरमईचा भाव चढतोय, तो ऐकताच आहात. आपण मात्र कडेला बसलेल्या मावशींच्या हातांकडे बघू. माकूल, म्हणजे कटलफिश, साफ करताना हात शाईने काळे झालेत. तिच्या पाठीतून त्या पांढरं, होडीच्या आकाराचं कवच उपसतात आणि वाळूत टाकतात. हा समुद्रफेस. थोडा काष्ठौषधींच्या दुकानात जातो, थोडा पोपटाच्या पिंजऱ्यात. बाकीचा कचरा. याच कचऱ्यातून माणसाच्या हाडातली पोकळी भरणारा पदार्थ करता येईल का, ते आपण बघणार आहोत.

(दृश्य : सूक्ष्मदर्शकाखाली तुकडा)

मजल्यावर मजला, मध्ये बारीक खांब आणि काही शे मायक्रॉनच्या पोकळ्या. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. हाडाच्या पेशींना आत शिरायला आणि मागोमाग रक्तवाहिन्यांना यायला साधारण ३०० मायक्रॉनची वाट सोयीची. इथे ती आयतीच आहे.

(दृश्य : भट्टी, मग पोलादी डबा)

पण हे कॅल्शियम कार्बोनेट. आपलं हाड फॉस्फेटचं. म्हणून तुकडे ३५० अंशांवर तापवून त्यातला सेंद्रिय भाग जाळतात, फॉस्फेटच्या द्रावणात बुडवतात आणि बंद डब्यात २०० अंशांवर ठेवतात. कार्बोनेट निघून जातं, फॉस्फेट जागा घेतं आणि हायड्रॉक्सीअॅपटाइट, म्हणजे आपल्या हाडातल्यासारखंच खनिज, तयार होतं. मजले मात्र जसेच्या तसे! १९७४ मध्ये अमेरिकेत डेला रॉय यांनी सहकाऱ्यासोबत हेच प्रवाळावर करून दाखवलं होतं. प्रवाळ आपल्या मालवणच्या समुद्रातही आहे, पण त्याला कायद्याचं संरक्षण आहे आणि ते योग्यच आहे. माकूल तर खाण्यासाठी येतेच.

(दृश्य : काचेच्या ताटल्या, गुलाबी द्रव)

३७ अंशांची ऊब. उंदराच्या कवटीतून वाढवलेल्या या हाड बांधणाऱ्या पेशी. खडबडीत पृष्ठभाग मिळाला की त्या पसरतात, पाय रोवतात आणि काही आठवड्यांनी भोवती कॅल्शियम साठवू लागतात. अॅलिझारिन हा कॅल्शियमला धरणारा रंग टाकल्यावर दिसणारा हा लाल रंग त्या कॅल्शियमचा. अर्थात मूळ तुकड्यातही कॅल्शियम आहे, म्हणून शेजारी पेशी न घातलेला तुकडाही रंगवलाय. बघायचा तो दोघांतला फरक.

आता ही पिवळी ताटली. टाक्यांचे विरघळणारे दोरे ज्या जातीच्या प्लास्टिकचे असतात, त्याच जातीचा तुकडा हिच्यात आहे. तो विरघळताना आम्ल सुटतं. ते साचलं की द्रव पिवळा पडतो, पेशी आक्रसून गोल होतात आणि सुटून तरंगू लागतात. म्हणजे नुसतं विरघळणं पुरेसं नाही, वेग जुळायला हवा. पदार्थ घाईने गेला तर हाड येण्याआधीच पोकळी मऊ तंतूंनी भरते. निव्वळ हायड्रॉक्सीअॅपटाइट उलट वर्षानुवर्षं तसंच बसून राहतं. त्यावर उपाय म्हणून त्यात लवकर झिजणारं बीटा ट्रायकॅल्शियम फॉस्फेट मिसळतात. हाड पोखरणाऱ्या पेशी ते खातात आणि मोकळ्या जागेत बांधणाऱ्या पेशी नवं हाड घालतात.

(दृश्य : धुतलेली कवचं, सावलीतली जाळी)

वेगळी पाटी, गोडं पाणी, सावली. पहिला टप्पा बंदरावरच होऊ शकतो आणि तो इथेच व्हावा. जड धातूंची तपासणी प्रयोगशाळेने करावी. हा पदार्थ ठिसूळ आहे, त्यामुळे भार घेणाऱ्या हाडात एकटा चालणार नाही. जबड्यातल्या लहान पोकळीसाठी चालू शकेल, तेही प्राण्यांवरच्या आणि मग माणसांवरच्या चाचण्या पार पडल्या तर.