टोक आणि काठी यांच्यामधला सांधा

नमस्कार. बाण म्हटला की नजर थेट टोकाकडे जाते. संग्रहालयातसुद्धा लोक टोकाचा आकार पाहतात, धार पाहतात आणि पुढे सरकतात. आज माझी विनंती एवढीच की टोकाच्या जरा मागे बघा, लोखंड आणि लाकूड एकमेकांना धरतात तिथे. बाण कसा लागतो, कुठे मोडतो आणि जखमेतून कसा निघतो, हे बरंचसं त्या सांध्यावर ठरतं.

सांधे मुख्यतः दोन प्रकारचे. एकात टोकाच्या मागची निमुळती शेपटी काठीत शिरते. दुसऱ्यात टोकामागे पोकळ नळी असते आणि काठी तिच्यात शिरते. आपल्याकडे शेपटीची पद्धत फार चालली, आणि त्याचं मोठं कारण काठी. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात बाणांच्या काठीसाठी वेळू, म्हणजे बांबू, आणि शर, म्हणजे बोरूसारखं गवत, ही नावं येतात. टोकं लोखंडाची, हाडाची किंवा लाकडाची. वेळू, बोरू आतून पोकळ, म्हणजे शेपटीला जागा आयतीच मिळते. पण धोकाही तिथेच आहे. बाण आपटला की टोक थांबतं, काठी मात्र मागून येतच राहते. मग शेपटीची पाचर होते आणि काठी उभी चिरते. म्हणून काठीच्या तोंडाशी ओली तात, म्हणजे जनावराच्या स्नायूची दोरी, किंवा दोरा घट्ट गुंडाळून वर सरस लावतात. तात वाळताना आवळते. मुसळाच्या तोंडाला वसवी, म्हणजे लोखंडी कडं, घालतात, तेच काम हे गुंडाळणं करतं.

भरीव लाकडाच्या काठीला नळी सोयीची, कारण लाकडात सरळ भोक पाडत बसावं लागत नाही. ही नळी भट्टीवर कशी होते ते सांगतो, मला त्यातच खरा रस आहे. सळईचं एक टोक लाल करून ठोकायचं आणि पंख्यासारखं पातळ पसरवायचं. मग तो पसरट भाग निमुळत्या सळईवर गरम असतानाच वळवून घ्यायचा, कडेला कड भिडेपर्यंत. नळी झाल्यावर दुसऱ्या बाजूचं टोक घडवायचं. हाताने वळवलेली नळी कधीच अगदी गोल होत नाही. कडेला कड भिडते तिथे ती जराशी चपटी राहते. त्यामुळे दहा काठ्या एकदम तासून ठेवल्या आणि दहा टोकं बसवली, असं चालत नाही. ही काठी ह्याच टोकाची, असं जोडीने काम करावं लागतं.

काठी तासली की नळी जराशी तापवायची, काठी आत दाबून फिरवायची आणि बाहेर काढायची. जिथे लाकूड काळं पडलं तिथे ते नळीला घासतंय. तेवढंच खरवडायचं, पुन्हा घालून बघायचं. डाग सगळीकडे सारखे आले की बसलं. घाई करणारे लाकूड जाळूनच नळीत बसवतात. दिसायला ते चोख दिसतं, पण करपलेल्या लाकडात जीव नसतो आणि बाण नेमका नळीच्या तोंडाशी मोडतो. शेवटी राळ आणि मेण एकत्र वितळवून लावायचं, टोक दाबायचं आणि गार व्हायच्या आत बाण नखावर फिरवून बघायचा. टोक डगमगलं तर अजून वेळ गेलेली नसते.

मेरी रोझ हे इंग्लंडचं लढाऊ जहाज 1545 मध्ये बुडालं आणि 1982 मध्ये वर काढलं. त्यात साडेतीन हजारांहून जास्त बाण मिळाले, बरेचसे पॉप्लरच्या लाकडाचे. समुद्राच्या पाण्यात लोखंडी टोकं गंजून गेली, पण काठ्यांची तासलेली निमुळती टोकं राहिली. लोखंड नाही, तरी नळी आतून कशी होती ते त्या लाकडावरून कळतं. मला तरी टोकांनी भरलेल्या कपाटापेक्षा हा पुरावा मोलाचा वाटतो.

आता जखमेकडे येऊ. निमुळती काठी निमुळत्या नळीत असली की बाण लागताना सांधा घट्ट होतो, आणि ओढताना तोच सुटतो. 1403 मध्ये श्रूझबरीच्या लढाईत इंग्लंडचा सोळा वर्षांचा राजपुत्र हेन्री, म्हणजे पुढचा पाचवा हेन्री, याच्या चेहऱ्यात बाण घुसला. काठी निघून आली, टोक सुमारे सहा इंच आत कवटीच्या हाडात राहिलं. जॉन ब्रॅडमोर या शल्यवैद्याने एल्डर झाडाच्या गाभ्याच्या काड्यांवर तागाचं कापड गुंडाळून, गुलाबाच्या मधात भिजवून जखम हळूहळू रुंद केली. मग मुद्दाम घडवलेला बारीक चिमटा रिकाम्या नळीत घातला आणि मधला स्क्रू फिरवून तो आतून फाकवला. नळी पकडीत आली, टोक हलवत हलवत बाहेर काढलं. ज्या पोकळीमुळे काठी सुटली, तीच पोकळी त्याला धरायला मिळाली. टोकात पोकळी नसती तर हा चिमटा निरुपयोगी होता.

सुश्रुतसंहितेतला उपाय अगदी वेगळा आहे, कारण हातात येणारी वस्तूच वेगळी. हाडात रुतलेलं शल्य, म्हणजे अंगात घुसलेली वस्तू, यंत्राने, म्हणजे चिमट्यासारख्या हत्याराने धरायचं, पाय रोवून ओढायचं. तेवढ्याने निघालं नाही, तर बळकट माणसांनी रुग्णाला धरायचं, शल्याचं वारंग, म्हणजे मागचा दांडा, वाकवायचं आणि धनुष्याच्या दोरीने बांधायचं. दोरीचं दुसरं टोक जखडलेल्या घोड्याच्या लगामाला. घोड्याला चाबूक मारला की तो मान झटक्याने वर करतो आणि शल्य उपसून येतं. घोडा नसेल तर झाडाची मजबूत फांदी खाली वाकवून तिला बांधायचं. वाचताना अंगावर काटा येतो, पण विचार पक्का आहे: वाकवता येईल, बांधता येईल असा दांडा मागे असेल तरच हे जमतं.

टेबलावर दोन्ही प्रकारचे सांधे उघडे करून ठेवले आहेत. टोकांना धार लावलेली नाही, तेव्हा बिनधास्त हातात घ्या. नळीवाला एक बाण मुद्दाम राळेशिवाय बसवला आहे. तो आधी टेबलावर टेकवून दाबा, मग ओढून बघा.