१३ मीटर आणि २८ मीटर

नमस्कार. आज इथे आलेल्यांपैकी बरेच जण सायकलही चालवतात आणि गाडीही. मीही त्यांतलाच. त्यामुळे सायकलवाले बरोबर की गाडीवाले, हा वाद मी इथे घालणार नाही. सकाळी सायकलवर असताना गाडीवाल्यांवर चिडणारा माणूस संध्याकाळी गाडीत बसला की ‘हा मध्येच कसा आला’ म्हणून हॉर्न वाजवतो. माणूस तोच असतो. त्याला काय दिसतंय आणि त्याच्या हातात किती वेळ आहे, एवढंच बदललेलं असतं. मला बोलायचंय ते या दोन गोष्टींवर.

आधी वेळ. ताशी ५० किलोमीटरने जाणारी गाडी एका सेकंदात जवळजवळ १४ मीटर जाते. ताशी ३० ने जाणारी ८ मीटरांहून थोडी जास्त. आता समजा, तुमच्यापुढे बरोबर १४ मीटरांवर एक मुलगी सायकलवरून चाललीय आणि खड्डा चुकवायला ती एकदम आत वळली. ती तुम्हाला दिसली, काय झालंय ते कळलं, पाय उचलून ब्रेकवर आला. एवढ्यालाच सावध माणसालाही साधारण एक सेकंद लागतो. ३० ची गाडी तेवढ्यात ८ मीटर पुढे आली, कोरड्या रस्त्यावर करकचून ब्रेक लागला आणि आणखी ५ मीटरांत ती थांबली. एकूण १३ मीटर. मुलगी घाबरेल, तुमच्या छातीत धडधडेल, पण दोघं घरी जाल. ५० च्या गाडीचं काय होतं? चालकाचा पाय ब्रेकवर पडतो तेव्हा गाडी त्या मुलीपाशी पोहोचलेली असते. वेग अजून कमी व्हायलाच लागलेला नसतो. ती गाडी पुरती थांबायला २८ मीटर लागतात.

दोन्ही चालक तितकेच चांगले होते, दोघांचं लक्ष रस्त्यावर होतं, दोघांनी तितक्याच चपळाईने ब्रेक मारला, हे कृपा करून लक्षात घ्या. आणि धडकेचा जोर वेगाच्या वर्गाने वाढतो, म्हणून ५० च्या धडकेत ३० च्या धडकेपेक्षा पावणेतीन पट ऊर्जा असते. ती ऊर्जा झेलायला गाडीतल्या माणसाभोवती पत्रा असतो, पट्टा असतो, एअरबॅग असते. सायकलवरच्या माणसाकडे फक्त त्याचं शरीर असतं.

‘पण मग पोहोचायला उशीर होईल,’ असं कोणी ना कोणी म्हणतंच. हिशोब करू. एक किलोमीटरचा रस्ता सलग ५० ने काटला तर ७२ सेकंद, ३० ने काटला तर १२० सेकंद. फरक ४८ सेकंदांचा, तोही मध्ये एकही सिग्नल, एकही वळण नसेल तर. जिथे पायी चालणारे, सायकली आणि गाड्या एकत्र येतात, तिथे ३० ची मर्यादा असावी, असं रस्ता सुरक्षेवरच्या जागतिक परिषदेच्या २०२० च्या स्टॉकहोम जाहीरनाम्यात म्हटलंय. स्पेनने २०२१ मध्ये शहरांतल्या, प्रत्येक दिशेला एकच पदर असलेल्या रस्त्यांना ती लावली. पण नुसता फलक लावून वेग उतरत नाही. रुंद, सरळ, मोकळा रस्ता पायाला ॲक्सिलरेटर दाबायलाच सांगतो. रस्ता अरुंद दिसला, वळणाचा कोपरा काटकोनी असला, चालणाऱ्यांची रस्ता ओलांडायची वाट पदपथाच्या उंचीला उचललेली असली, की पाय आपोआप उचलला जातो. मला विचाराल तर दहा फलकांपेक्षा उंच केलेली एक वाट जास्त जीव वाचवते.

आता दिसण्याकडे येतो. गाडीच्या पुढच्या काचेच्या दोन्ही बाजूंना छताला आधार देणारे खांब असतात. चौकाकडे तुम्ही एका रस्त्याने येताय आणि आडव्या रस्त्याने एक सायकलस्वार येतोय. दोघांचे वेग असे जुळले की दोघं एकाच क्षणी चौकात पोहोचणार, तर तो तुमच्या डोळ्यांना सतत एकाच कोनात राहतो. त्या कोनात जर तो खांब असेल, तर सायकलस्वार खांबाआड सरकत सरकत थेट चौकापर्यंत येतो. तुम्ही त्या बाजूला पाहिलेलं असतं. शपथेवर सांगू शकता की पाहिलं होतं. तरी तो दिसलेला नसतो. उपाय आहे: चौकाआधी वेग उतरवायचा आणि सीटवर पुढे-मागे झुकून खांबाच्या आड बघायचं. दोन सेकंदांचं काम आहे.

मोठ्या ट्रकचं आणखी अवघड. चालकाची केबिन उंच, त्यामुळे पुढच्या चाकाशी अगदी लगटून उभा असलेला सायकलस्वार त्याला खिडकीतून दिसत नाही. सिग्नलला ट्रक थांबलाय आणि कडेने पुढे जायला जागा आहे, तेव्हा सायकलवाल्यांनो, हात जोडून सांगतो, त्या जागेत शिरू नका. ट्रक कडेला वळला की त्याची मागची चाकं पुढच्या चाकांपेक्षा आतून जातात आणि ती जागा मिटते. मागे थांबा.

उभ्या गाडीच्या दाराचा अनुभव मी स्वतः घेतलाय. मी सायकलवर होतो, पुढे उभ्या गाडीचं दार एकदम उघडलं. मी हँडल फिरवलं आणि रस्त्याच्या मधोमध गेलो. त्या क्षणी मागून काही येत नव्हतं, म्हणून मी आज इथे बोलतोय. उतरणारे गृहस्थ थरथरत होते. आरशात बघितलं होतं, असं ते पुन्हा पुन्हा सांगत होते आणि मला ते खरं वाटलं. नेदरलँड्समधली सवय तेव्हा आम्हा दोघांनाही माहीत नव्हती: दाराजवळच्या हाताने दार उघडायचं नाही, लांबच्या हाताने उघडायचं. आज घरी जाताना करून बघा. हात आडवा नेला की खांदा वळतो, खांद्याबरोबर मान वळते आणि नजर आपोआप मागच्या रस्त्यावर जाते. ब्रिटनच्या वाहतूक नियमावलीतही २०२२ पासून हे आलंय. आणि सायकल चालवताना उभ्या गाड्यांपासून दाराएवढं अंतर ठेवून चालवा, कडेला चिकटून नको.

रात्री दिवा हवाच, पुढे पांढरा, मागे लाल. त्याखेरीज घोट्याला चमकणारी पट्टी बांधा. अंगातलं चमकणारं जॅकेट चालकाला नुसता ठिपका वाटू शकतं, पण घोट्याशी वर-खाली होणारी पट्टी दिसली की मेंदू लगेच ओळखतो: माणूस पेडल मारतोय. हेल्मेट घालाच. उलट्या दिशेने चालवणं आणि कानात इअरफोन, दोन्ही बंद.

हे सगळं वैयक्तिक झालं. पण वस्तीचा रस्ता वस्तीने मागून घ्यावा लागतो. आज सायकलींचा देश म्हणून नाव घेतलं जाणाऱ्या नेदरलँड्समध्ये १९७१ साली रस्त्यांवरच्या अपघातांत सुमारे ३,३०० माणसं गेली. त्यांत ४०० हून जास्त मुलं होती. आईवडील रस्त्यावर उतरले. ‘मुलांची हत्या थांबवा’ हेच त्यांच्या चळवळीचं नाव होतं. त्यांनी धोक्याच्या जागा अडवल्या, गल्ल्या बंद करून तिथे मुलांना खेळायला सोडलं. २०२३ मध्ये तिथल्या मृत्यूंचा आकडा ६८४ होता, आणि दरम्यान गाड्यांची संख्या कितीतरी वाढलेली होती. नॉर्वेच्या ऑस्लो शहरात २०१९ या अख्ख्या वर्षात एकही पादचारी किंवा सायकलस्वार दगावला नाही. चुका तर तिथेही झाल्याच असतील. पण तिथल्या रस्त्यांनी त्या पोटात घेतल्या.

म्हणून सगळ्या शहराचा आराखडा मागत बसण्याआधी एक कोपरा निवडूया. दोघादोघांनी तिथे एक तास उभं राहायचं, शाळा सुटायच्या वेळी आणि एकदा अंधार पडल्यावर. अपघाताची वाट बघायची नाही. करकचून लागलेले ब्रेक, दचकून मागे आलेले पाय, कोपऱ्यालाच लावलेल्या गाडीमुळे मान लांब करून बघणारी माणसं, हे वेळेसकट लिहून ठेवायचं. ‘रस्ता धोकादायक आहे’ या अर्जाला उत्तर मिळत नाही. ‘एका तासात अमुक वळणावर इतक्या वेळा ब्रेक लागले, कोपऱ्यापासून पाच मीटर गाडी लावायला मनाई करा आणि हे फोटो बघा’, या अर्जावर कोणाला तरी सही करून उत्तर द्यावंच लागतं.

मी मोजपट्टी आणि खडू बरोबर आणलाय. इथून आपण बाहेरच्या वळणावर जाऊ, एक रेघ शून्यावर मारू, एक १३ मीटरांवर आणि एक २८ वर. मुलांना दोन्ही रेघांवर उभं करू आणि शून्याच्या रेघेवरून प्रत्येक गाडीवाल्याला ते बघू देऊ. मोजपट्टीचं दुसरं टोक धरायला दोघं पुढे या.