पोटातली प्रत

सप्टेंबर 2023. वेबपी या प्रकारची चित्रं वाचणाऱ्या लिबवेबपी या लायब्ररीत, म्हणजे अनेक प्रोग्राम वापरतात अशा तयार कोडमध्ये, एक गंभीर त्रुटी सापडली. मुद्दाम बिघडवलेलं चित्र नुसतं उघडलं, तरी मेमरीत ठरलेल्या जागेच्या बाहेर लिहिलं जायचं आणि हल्लेखोराला वाट मिळायची. क्रोमची दुरुस्ती 11 तारखेला आली, फायरफॉक्सची 12 तारखेला. लिनक्स वितरणांनी (डेबियन, फेडोरा यांसारख्या लिनक्सच्या तयार संचांनी) आपली सामायिक, सगळ्या प्रोग्रामांसाठी एकच असलेली लिबवेबपी बदलली आणि तिच्यावर विसंबणारे सगळे प्रोग्राम तेवढ्यानंच सुधारले.

इलेक्ट्रॉनवर, म्हणजे वेबच्या तंत्रानं डेस्कटॉप ॲप्स बनवायच्या चौकटीवर, बांधलेली ॲप्स मात्र मागे राहिली. अशा प्रत्येक ॲपच्या पोटात क्रोमियम, म्हणजे क्रोम ब्राउझरचा गाभा, असतं आणि क्रोमियमच्या पोटात लिबवेबपीची प्रत. बाहेरची लायब्ररी कितीही बदला, ही आतली प्रत जशीच्या तशी. आधी इलेक्ट्रॉननं नवी आवृत्ती काढायची, मग ॲप करणाऱ्यांनी ती घ्यायची, मग आपण अपडेट करायचं. एक कडी ढिली पडली, की त्रुटी तिथंच.

2002 मध्ये झेडलिब या डेटा दाबून लहान करणाऱ्या लायब्ररीत त्रुटी सापडली, तेव्हा हेच घडलं होतं. ती लायब्ररी असंख्य प्रोग्रामांनी आपापल्या कोडमध्ये उतरवून घेतली होती, लिनक्सच्या गाभ्यानं, म्हणजे कर्नलनंसुद्धा. प्रत्येक प्रत हुडकून काढावी लागली.

तरीही लोक लायब्ररीची प्रत आपल्या प्रोग्रामसोबत बांधतात. त्याला आळस म्हणून मोकळं होणं मला पटत नाही. व्हिडिओ आणि ऑडिओ हाताळणाऱ्या एफएफएमपेगचं उदाहरण घ्या. त्याच्या जुन्या इंटरफेसमध्ये, म्हणजे बाकीच्या प्रोग्रामांनी त्याला हाक मारायच्या पद्धतीत, व्हिडिओ उलगडायला एकच फंक्शन पुरायचं: पॅकेट (दाबलेल्या डेटाचा तुकडा) द्या, फ्रेम (एक चित्र) घ्या. पण एका पॅकेटमधून कधी एकही फ्रेम निघत नाही, कधी अनेक निघतात. म्हणून 2016 मध्ये दोन वेगळी फंक्शनं आली, एक पॅकेट पाठवणारं, दुसरं फ्रेम मागणारं. रचना नक्कीच चांगली झाली. जुनं फंक्शन पाच वर्षांहून जास्त काळ चालू ठेवलं आणि जानेवारी 2022 मध्ये, 5.0 आवृत्तीत, काढून टाकलं. इंटरफेस मोडल्याची खूण म्हणून एफएफएमपेगमधल्या लिबएव्हीकोडेक या लायब्ररीच्या फाइलनावातला आकडा 58 चा 59 झाला. ज्यांनी कोड बदलला नव्हता, त्यांचे प्रोग्राम नव्या आवृत्तीवर कंपाइल होईनात.

आता फावल्या वेळात व्हिडिओ प्लेअर सांभाळणाऱ्या एकट्या माणसाच्या जागी बसून बघा. एका वितरणात 58 आहे, दुसऱ्यात 59. दोन्हींसाठी कोड लिहा, दोन्हींवर चाचण्या करा. त्यापेक्षा चालणारी प्रत सोबत घेणं त्याला सोपं वाटतं. 2011 मध्ये एफएफएमपेगच्या लोकांत फूट पडून लिबएव्ही निघालं, तेव्हा तर हा ताप दुप्पट झाला. डेबियन लिबएव्हीकडे गेलं आणि 2015 मध्ये एफएफएमपेगकडे परतलं. दोन्हींशी जुळवून घेण्यात कितीतरी प्रकल्पांची मेहनत गेली.

माझं म्हणणं इतकंच आहे, की प्रत पोटात घेतली, की तिच्या दुखण्याची जबाबदारीही घेतली. तिच्या सुरक्षा सूचना वाचायच्या, दुरुस्ती आली की त्याच आठवड्यात आपली आवृत्ती काढायची. आणि इंटरफेस मोडणाऱ्यांनी फाइलनावातला आकडा न बदलता तो मोडू नये. तसं केलं, तर जुना प्रोग्राम सुरू होतो आणि मध्येच कोसळतो. तो का कोसळला, हे शोधण्यात दिवस जातात.

फेडोरानं पूर्वी अशा प्रतींना जवळजवळ बंदीच घातली होती. 2015 मध्ये नियम सैल झाला, पण एक अट राहिली. पॅकेज कसं बांधायचं ते सांगणाऱ्या स्पेक फाइलमध्ये एक ओळ लिहायची: ‘बंडल्ड’, कंसात लायब्ररीचं नाव, पुढे आवृत्ती. पुढची त्रुटी सापडेल, तेव्हा सुरक्षा पथक ही ओळ शोधत येतं.