सेकंदाला दोन फेरे

मंडळी, पुढच्या रांगेतल्या काकू मघापासून विचारतायत, हातात काय आहे म्हणून. आइस्क्रीमच्या संचाचं हँडल आहे. आमच्या दांडिया बाजारच्या घरी माळ्यावर गंजत पडलं होतं. त्याचं काम नंतर, तूर्त टेबलावर राहू दे.

दादासाहेब फाळक्यांवर बोलायचं म्हटलं की वक्ता बहुधा ३ मे १९१३ आणि गिरगावातल्या कॉरोनेशन थिएटरपासून, म्हणजे त्यांच्या ‘राजा हरिश्चंद्र’ सिनेमाच्या पहिल्या जाहीर खेळापासून, सुरुवात करतो. मी जन्मभर फोटो स्टुडिओ चालवला. दिग्दर्शक फाळके मला फारसे समजत नाहीत. त्यांच्यातला कॅमेरामन समजतो, आणि तो घडला आपल्या बडोद्यात.

कलाभवन, म्हणजे कला आणि तंत्र शिकवणारी इथली शाळा, सुरू झालं १८९० साली, सयाजीराव महाराजांच्या काळात. आज तिथे आपली टेक्नॉलॉजी फॅकल्टी आहे. प्रमुख होते त्रिभुवनदास गज्जर, रसायनशास्त्राचे माणूस. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत चित्रकला शिकून आलेल्या त्र्यंबकेश्वरच्या या पोराला त्यांनी नीट हेरलं. कलाभवनातला फोटो स्टुडिओ आणि प्रयोगशाळा त्याच्या हवाली केली, ब्लॉकमेकिंग, म्हणजे चित्रं छापायचे ठसे बनवणं, शिकायला रतलामला धाडलं. म्हणजे काचेची प्लेट, औषधं, धुलाई, छपाई हे सगळं स्वतःच्या हातानं. बोटं काळी झाल्याशिवाय फोटोग्राफी येत नाही असं आमचे अण्णा म्हणायचे. फाळक्यांची इथेच झाली.

पुढे गोध्र्याला स्टुडिओ टाकला. प्लेगमध्ये बायको आणि मूल गेलं. परत बडोद्याला येऊन धंदा मांडला, तर फोटो काढला की अंगातली शक्ती जाते, या समजुतीपायी गिऱ्हाईक फिरकेना! मग पुरातत्त्व खात्याची नोकरी, लोणावळ्याचा छापखाना. ते मी झरझर सोडतो. मुंबईत ख्रिस्ताच्या चरित्रावरचा सिनेमा पाहिला आणि वेड लागलं. इतके सिनेमे पाहिले की डोळे गेले, काही काळ दिसेनासंच झालं. डॉक्टरांच्या उपचारांनी दृष्टी परत आली. कॅमेरामनचे डोळे हो, दुसरं भांडवल काय त्याच्याकडे?

१९१२ साली लंडनहून विल्यमसन कॅमेरा आणला. फिल्म मात्र कोरी, कडेला भोकं नसलेली. भोकं पाडायची घरी, तीही काळोखात. हे काम सरस्वतीबाईंनी, फाळक्यांच्या दुसऱ्या पत्नीनं, शिकून घेतलं. दिवसा सगळ्या मंडळींचं जेवणखाण आणि रात्री फिल्म.

काळोख म्हणजे काय ते माझ्याकडून ऐका. आमची डार्करूम म्हणजे कोठीची खोली. मी बारा-तेरा वर्षांचा असेन. अण्णांनी एका लग्नाचा रोल धुवायला काढला आणि आत्यानं लोणच्याच्या बरणीसाठी दार ढकललं. दोन सेकंद फार तर. अंतरपाटापासून वरातीपर्यंत सगळं काळंठिक्कर. अण्णा काही बोलले नाहीत, पैसे परत करायला स्वतः गेले. दुसऱ्या दिवशी दाराला आतून कडी बसली आणि लोणची देवघरात गेली. सरस्वतीबाईंच्या घरात तर लहान मुलं होती. कडी त्यांनी कितीदा तपासली असेल, माझ्या मनात नेहमी येतं.

फाळक्यांच्या त्या फिल्मला लाल रंग दिसत नसे. डार्करूमला लाल दिवा का, त्याचं उत्तर हेच. पण मग कुंकू, लाल शालू पडद्यावर काळे उतरणार, आणि निळं आकाश पांढरं. कॅमेरामननं रंग आपल्या डोळ्यांनी पाहून चालत नाही, फिल्मच्या डोळ्यांनी पाहावे लागतात.

आता हँडल. त्या कॅमेऱ्यालाही असंच हँडल असे. ते एकदा फिरवलं की आठ चौकटी, म्हणजे फ्रेम. सेकंदाला सोळा हव्यात, म्हणजे दोन फेरे. सोळा चौकटींची लांबी बरोबर एक फूट. ‘राजा हरिश्चंद्र’ ३७०० फुटांचा होता. करा हिशोब, तासाहून थोडा जास्त. हात रेंगाळला तर पडद्यावर माणसं पळतात, घाई झाली तर तरंगतात. फाळक्यांनी हे आपल्या मित्राला शिकवलं, त्र्यंबक तेलंग. ‘हरिश्चंद्र’ कॅमेऱ्यात धरला तो तेलंगांनी. शाळेत हे नाव कुणी सांगितलं होतं तुम्हाला? तारामती झालेले अण्णा साळुंके आठवतात. ते पुढे स्वतः कॅमेरामन झाले, हे तरी कुणाला ठाऊक आहे?

त्याआधी फाळक्यांनी कुंडीत वाटाणा पेरला आणि कोंबापासून वेलापर्यंतची वाढ थोड्या थोड्या वेळानं एकेक चौकट घेत टिपली. महिन्याहून अधिक काळ गेला आणि पडद्यावर जेमतेम मिनिटभर. तेवढं दाखवून भांडवल उभं केलं. मला फाळके सगळ्यात जवळचे वाटतात ते इथे. नाटक नाही, नट नाहीत, नुसता माणूस आणि उजेड.

उजेड सूर्याचाच. चेहऱ्यावर सावली पडली की सरस्वतीबाई पांढरी चादर धरून उन्हात उभ्या राहत. चादरीवरून उजेड उडून चेहऱ्यावर मऊ पडे. १९५६ च्या ‘अपराजितो’मध्ये सत्यजित राय यांचे कॅमेरामन सुब्रत मित्रांनी बनारसच्या घराच्या सेटवर कापड ताणून उजेड असाच उडवला, आणि जगानं कौतुक केलं, योग्यच केलं. ‘कागज के फूल’मधला तो झोत आठवतो? व्ही. के. मूर्तींनी बाहेरचं ऊन दोन मोठ्या आरशांनी स्टुडिओत आणलं. फाळक्यांच्या नावाचा पुरस्कार १९६९ ला सुरू झाला. निव्वळ कॅमेरामन म्हणून तो मिळालेले पहिले हेच मूर्ती, २००८ सालचा. चाळीस वर्षं लागली. मला ते खटकतं. स्वतः फाळक्यांनाही खटकलं असतं, असं मी म्हणतो.

चादर धरणाऱ्या बाईंचं नाव कुठल्या पुरस्काराला द्यायचं, ते तुम्ही चहाच्या वेळी ठरवा. आणि ज्यांना हे फिरवून पाहायचंय त्यांनी इकडे या. मी घड्याळ धरतो. एक मिनिट, एकशे वीस फेरे, हात जराही न अडखळता. काकू, तुम्ही आधी.